बहिणीच्या नावाचा पासपोर्ट

उंद्री, ता. ५ जानेवारी २०२५

चि. प्रेम,

तुझा फोन येऊन गेला त्याला चार दिवस झाले आणि चार दिवसांत गावात एकही घर उरलं नाही जिथे मी 'लंडनला चालले' हे सांगितलं नाही. ज्यांच्याशी माझं बोलणं बंद होतं त्यांच्याशीही मुद्दाम बोलून घेतलं. त्यांना जळायची संधी मिळायला हवी ना.

फोनवर तू 'हो, हो, ठेवतो' म्हणतोस आणि माझं बोलणं ओठांवरच राहतं. म्हणून लिहून काढते आहे. कागदाचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवीन. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर यायचा, हे तुझ्या कानावर कधी आलं नसेल. सवडीने वाच.

दोन वर्षांनी फोन केलास. मी काही विचारलं नाही. पुण्याच्या लग्नातलं मी काढणार नाही असं ठरवलंय, तेव्हा काढत नाही. मंजुश्रीला मे महिन्यात बाळ होणार, आणि तू म्हणालास, "आई, तू ये. सहा महिने राहा." आई म्हणालास. फोन ठेवला आणि मशीनवर चढवलेल्या ब्लाऊजची बाही उलटी लावून बसले. ब्लाऊज शेजारच्या सत्यभामाबाईंचा होता. त्यांना सांगितलं, लंडनची फॅशन आहे. त्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पण फसल्या नाहीत. म्हणाल्या, "फॅशन गेली चुलीत. तिथी ज्वारी भेटते का वं? नाही तं सहा महिने काय खाशीन?"

ज्वारी मिळते का, ते कळव. पीठ आणायचं तर दळून भाजून आणावं लागेल. डिंक, गोडंबी, खारीक, बाळंतशेपा हे सगळं चिखलीहून आणलंय. लाडू मात्र निघायच्या आठवड्यात करीन. दुपटी बारा शिवली, जुन्या सुती लुगड्यांची, मऊ. झबली आठ, बंदांची. तिथे बाळाला बटणांचे कपडे घालतात असं ऐकलं. बटण बाळाला टोचतं, हे मंजुश्रीला सांग. किंवा नको सांगू, मीच सांगीन.

एक मनातलं सांगते, हसू नकोस. मला त्या राणीच्या वाड्याचं काही नाही. मला तिथले कोट बघायचेत. एखादा कोट आतून उलटून, त्याला अस्तर कसं लावतात, खांद्याला काय घालतात म्हणजे तो असा उभा राहतो, ते बघायचंय. तीस वर्षं मी परकर आणि ब्लाऊज शिवले. एकदा कोट शिवायचाय. तुझ्यासाठी शिवीन.

विमानतळावर साहेब विचारेल म्हणून इंग्रजी पाठ करते आहे. आय अॅम मदर ऑफ प्रेम. हे एक वाक्य बरं येतं.

तुझी,
आई

*

उंद्री, ता. २१ जानेवारी २०२५

चि. प्रेम,

पासपोर्टचं काम अडलंय. तुला वाटेल मी काहीतरी घोळ घातला. घोळ घातला खरा, पण मी नाही, आणि आजचा नाही.

सेतू केंद्रातल्या भागवतने फॉर्म भरला. तो म्हणाला, काकू, दहावी पास असाल तर सर्टिफिकेट जोडा, बाहेर जाताना तपासणी कमी लागते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझ्या दहावीचं कोणाला काही काम पडेल असं मला वाटलंच नव्हतं. पेटीच्या तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काढलं. एकाहत्तर टक्के. साखरखेर्ड्याच्या शाळेत मुलींमध्ये दुसरी. इस्त्रीचं पातळ नेसून बुलढाण्याला गेले आणि खिडकीतल्या मॅडमपुढे ते सगळ्यात वर ठेवलं.

मॅडमनी ते बघितलं, आधार बघितलं, परत ते बघितलं. म्हणाल्या, ही कोकिळा कोण? म्हटलं, मीच. मग ही सुचिता कोण? म्हटलं, तीही मीच. जन्मसाल एकीकडे एकोणसत्तर, एकीकडे चौऱ्याहत्तर, वडिलांचं नाव एकच. बाई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दोघी एका पासपोर्टवर जाऊ शकत नाही. कोण जाणार ते ठरवून या."

मी जिना उतरून आले आणि खाली बाकावर बसले.

मी तुझी मावशी आहे हे तुला ठाऊक आहेच. पहिलीत असताना पोरांनी तुला सांगितलं होतं आणि तू रडत येऊन माझ्या पदरात तोंड खुपसलं होतंस. पण माझं नाव काय, हे तू कधी विचारलं नाहीस. सगळे सुचिता म्हणायचे, तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे सुचिता होतं, मग तू तरी काय विचारणार.

सुचिता माझी थोरली बहीण. तू नऊ महिन्यांचा असताना तापाने गेली, नव्वदच्या नोव्हेंबरात. मी तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत नुकतीच जायला लागलेली. आमच्या अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ठरवलं की पोर परक्या बाईच्या हाती जाऊ नये. दोन महिन्यांत माझं लग्न लागलं. आपल्यात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवरीचं नवं नाव काढायचं असतं. मंजुश्रीचं तू बदललं नाहीस, चांगलं केलंस. तर तुझे बाबा अंगठी धरून बसले आणि माझ्या सासूने, तुझ्या आजी सरस्वतीबाईंनी, वरून सांगितलं, "रेशनकारडावर सुचिता हायेच ना? मंग नवं नाव कायले पायजे?"

झालं. सुचिता मेल्याचं ग्रामपंचायतीत कोणी कळवलंच नव्हतं. नाव होतं, माणूस गेलं होतं, त्या जागी मी बसले. माझं वय लग्नाला कमी पडत होतं, तीही अडचण गेली. सोळाची मी एका सकाळी एकवीसची झाले. मग मतदारयादी, मग गॅसचं पुस्तक, मग आधार. सगळीकडे तीच पुढे चालत राहिली. नाहीशी झाले ती मी.

आता तू सांग काय करू. नाव दुरुस्त करायला वर्ष जाईल असं भागवत म्हणतो. मे तर चार महिन्यांवर आला.

तुझी,
आई

*

उंद्री, ता. २९ जानेवारी २०२५

प्रेम,

काल तू फोन केलास. इतक्या तातडीने करशील असं वाटलं नव्हतं. तू म्हणालास, "ते दहावीचं सर्टिफिकेट काढून टाक आणि सुचिता म्हणून दे. माझ्या जन्मदाखल्यावर तेच नाव आहे, व्हिसाला सोपं पडेल. मावशी म्हटलं की शंभर प्रश्न विचारतात." आणि मग म्हणालास, "काय फरक पडतो गं आई? कागद तर आहे."

काय फरक पडतो ते लिहिते. तुला वेळ नसेल तर इथेच थांब.

तू सहा वर्षांचा असताना गावात अंगणवाडीची जागा निघाली. गावात दहावी पास सून मी एकटी. सर्टिफिकेट कोकिळाचं, रेशनकार्ड सुचिताचं. पंचायत समितीतले साहेब म्हणाले, ही दुसरी बाई दिसते. जागा दुसऱ्या गावच्या मुलीला गेली. ती सत्तावीस वर्षं आपल्या दारावरून अंगणवाडीत गेली आणि मी मशीनवर बसून तिचेच ब्लाऊज शिवले. हा एक फरक.

तुझ्या बाबांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. 'ऐकलं का' म्हणायचे. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा एकदा मी चिडून विचारलं की मला नाव नाही का. ते म्हणाले, "मले तुले सुचिता म्हणवत नाही, अन् कोकिळा म्हणाची हिंमत नाही." भगवानराव माणूस वाईट नव्हता. पण तीस वर्षं मी त्याच्याकडून 'ऐकलं का'च ऐकलं आणि तो गेला. हा दुसरा.

मला स्वतःचं मूल झालं नाही. ते का, ते या पत्रात लिहीत नाही.

आणि पुण्याचं काढणार नव्हते, पण तू फरक विचारलास. लग्न लागलं, सुनमुख बघायची वेळ झाली. वरमाईने मांडीवर आरसा घेऊन सुनेचं तोंड बघायचं असतं. मी रुमालात गुंडाळून आरसा घरून आणला होता. तू तुझ्या आत्याला, पुष्पांजलीला, पुढे बसवलंस आणि मंजुश्रीच्या आईला म्हणालास, "या माझ्या मावशी. बाजूला बसतील." चोवीस तास आई म्हणणाऱ्या तोंडातून तो शब्द पहिल्यांदा निघाला. खोटा नव्हता, म्हणून मला काही बोलताही आलं नाही. मी न जेवता निघाले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. आमचं बोलणं तुझ्या पुण्याच्या माणसांना गावंढळ वाटलं असेल, माझं पातळ हलकं असेल, काय असेल ते तू कधी सांगितलं नाहीस.

तर तिथे माणसांसमोर मी मावशी, आणि इथे खिडकीतल्या मॅडमसमोर मी आई. तुला जे सोयीचं ते मी. रागावू नकोस. रागवायची पाळी माझी आहे, ती तरी माझ्याकडे राहू दे.

विचार करून कळवते.

*

उंद्री, ता. २४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेम,

दिलं. सुचिता म्हणून दिलं.

मागच्या पत्रानंतर पंधरा दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले आणि प्रत्येक वेळी मीच हरले, कारण मधे ते बाळ येत होतं. त्याने माझं काय वाकडं केलंय? शिवलेली दुपटी घडी घालून ठेवली होती, ती बघितली की राग टिकायचा नाही. शेवटी सर्टिफिकेट परत पेटीत टाकलं आणि बुलढाण्याला गेले. खिडकीत मॅडम त्याच. त्यांनी मला ओळखलं. कागद चाळले, दहावीचं नाही हे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. खाली सही करताना सुचिता लिहायला मला जराही विचार करावा लागला नाही, याचंच वाईट वाटलं.

मग चौकशीला पोलीस आला. त्याने शेजारी म्हणून सत्यभामाबाईंना विचारलं, या सुचिताबाईच ना? त्या 'हाव' म्हणाल्या, सही ठोकली. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "तुह्या बहिणीले म्या माह्या हातानं न्हाऊ घातलं वं, मेल्यावर. आज म्या लेहून देल्लं का ते जित्ती हाय." आणि दोन दिवस माझ्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या जायफळ घेऊन. म्हणाल्या, बाळाला उगाळून दे, तिथे थंडी असते.

परवा पासपोर्ट पोस्टाने आला. फोटो बरा आलाय. खाली नाव तिचं, जन्मसाल तिचं. म्हटलं जाऊ दे. तिनं जग बघितलं नाही, या निमित्ताने तीही येईल लंडनला.

आता मात्र मी तयारीलाच लागले आहे. तू व्हिसाचे कागद पाठव. बॅग नवी घेतली, चाकांची. ती ओढायची सवय व्हावी म्हणून वेशीपर्यंत ओढत नेऊन आणली, गावाला फुकटची करमणूक. थंडीसाठी मी स्वतःला गरम कापडाचा एक ब्लाऊज पूर्ण बाहीचा शिवलाय, आत फ्लॅनेल. आरशात सिंदखेडच्या फौजदारासारखी दिसते.

पुण्याचं जे लिहिलं ते लिहिलं, आता पुसता येत नाही. तिथे आले की त्यावर बोलायचं नाही, हे माझं वचन.

तुझी,
आई

*

उंद्री, ता. १६ मार्च २०२५

प्रेम,

तुझा मेसेज मिळाला. मोठा नव्हता, तरी मी चार वेळा वाचला. 'मंजूच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे. त्या येत आहेत. तुझ्या व्हिसाचं आता नको करायला. पुढच्या वर्षी बघू. काळजी घे.'

म्हणजे पुण्याच्या बाईचा गुडघा दुखत होता म्हणून मला लंडन होतं. हे जानेवारीतच सांगितलं असतंस तरी मी आले असते. खरंच आले असते, आणि तेच मला आता सहन होत नाही. मला बोलावणं आहे असं वाटून मी गावभर मिरवले. आता बाया विचारतात, कधी निघता? मी म्हणते, विमानाला उशीर आहे.

मला राग बाळंतपण चुकल्याचा नाही. त्यांची मुलगी आहे, पहिला हक्क त्यांचाच. पण तू मला म्हणालास काय फरक पडतो, आणि मी तुझ्यासाठी खोटी सही केली. सत्यभामाबाईंकडून, त्या वयाच्या बाईकडून, मी खोटं लिहून घेतलं. माझी बहीण मेली तेव्हा तिला धड मरूही दिलं नाही लोकांनी, आणि आता मीही दिलं नाही. हे सगळं करून झाल्यावर तू लिहितोस काळजी घे.

दुपटी-झबली पार्सलने पाठवली आहेत. ती बाळाची आहेत, तुझ्या-माझ्या भांडणात ती अडकवणार नाही. लाडू केले नव्हते ते बरं झालं.

यापुढे मी जे करणार आहे ते तुला कळवून करीन. तुझ्यामागे काही करणार नाही.

*

उंद्री, ता. १२ जुलै २०२५

प्रेम,

मुलगी झाली हे मला पुष्पांजलीने सांगितलं. सुखी राहो. झबली तिला होतात की नाही ते कळलं नाही, आता तर तोकडीही झाली असतील.

मी काय केलं ते लिहिते. चिखलीत एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, माझ्या बहिणीचा मृत्यू नोंदवायचाय, चौतीस वर्षं उशीर झालाय. त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, ताई, हे केलंत तर तुमच्या पायाखाली काही राहणार नाही. सुचिता नव्वदलाच गेली म्हटलं की भगवानरावांची बायको म्हणून कागदावर तुम्ही नाही. तुम्ही राहता ते घर सुचिताच्या नावावर आहे, ते तिच्या मुलाचं होईल. पासपोर्टसाठी खोटं लिहिलंत त्याचीही चौकशी होईल. मी म्हटलं, होऊ द्या.

पासपोर्ट आधी परत केला. खिडकीतल्या मॅडमना म्हटलं, तुम्ही विचारलं होतं कोण जाणार. कोणीच नाही जाणार. त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि मला पाणी दिलं.

मग तहसील, मग प्रांतसाहेब. अण्णा नाहीत, सरस्वतीबाई नाहीत, तुझे बाबा नाहीत. तिचं मरण बघितलेलं माणूस गावात एकच उरलंय. सत्यभामाबाईंना रिक्षात घालून नेलं. पोलिसाला जिवंत आहे म्हणून लिहून दिलेलं, त्याची त्यांना भीती होती. साहेबांनी विचारलं, आजी, तेव्हा खोटं लिहिलं की आता? त्या म्हणाल्या, "तवा. लेकाच्या पायी लेहून देल्लं हिनं, अन् हिच्या पायी म्या. पण सायेब, त्या सालात एका मायच्या दोन पोरी गेल्या. एक आमी जाळली, अन् दुसरी हे उभी हाय." साहेबांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

त्यानंतर पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागली. सुचिता भगवानराव, राहणार उंद्री, नोव्हेंबर १९९० मध्ये मयत, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. ते कात्रण मी त्याच दिवशी तुला पाठवलं. खाली लिहिलं होतं, तू तिचा मुलगा आहेस, हरकत घ्यायचा पहिला अधिकार तुझा. तू एक ओळ लिहिली असतीस, की थांब, किंवा हे काय करतेस, किंवा नुसतं आई म्हणून हाक मारली असतीस, तर मी अर्ज मागे घेतला असता. खोटं बोलत नाही. तीस दिवस मी कोणाचा ब्लाऊज वेळेवर दिला नाही, सारखा मोबाईल बघत होते. निळ्या खुणा पहिल्याच दिवशी आल्या. तीस दिवस गेले, तुझी हरकत आली नाही.

तिसाव्या दिवसानंतर मी बघायचं सोडलं.

मृत्यूचा दाखला परवा मिळाला. त्याची एक प्रत सोबत पाठवते आहे, तुझ्या कामी येईल. घराचं काय करायचं ते तू ठरव. रिकामं करायचं असेल तर महिनाभर आधी सांग, मशीन हलवायला माणूस बघावा लागतो. आधार दुरुस्तीला दिलंय. तिथल्या मुलाने नाव विचारलं, मी सांगितलं, त्याने टाईप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवून विचारलं, बरोबर आहे का. मी म्हटलं, बरोबर आहे. पन्नाशी उलटल्यावर मला कोणी हे पहिल्यांदा विचारलं.

तुझ्या मुलीने पुढे कधी विचारलं तर तिला सरळ सांग. तुझे वडील नऊ महिन्यांचे असताना तुझी आजी वारली. चौतीस वर्षं तिच्या जागी दुसरी एक बाई राहिली, तिने वडिलांना वाढवलं, आणि मग आजीला जाऊ दिलं.

आता कागदावरही तुला आई नाही, प्रेम. जी उरली आहे तिला बोलवायचं असेल तर तिच्या नावाने बोलाव.

कोकिळा